विठाबाईच्या नवऱ्याची जात

बोरमाळ गावात विठाबाईची जात माहीत नाही असा माणूस अजून जन्मायचा होता. माणूस सोडा, गेणबाच्या हॉटेलापुढचं कुत्रंसुद्धा ती आली की उठून बाकड्यावरच्या मंडळींच्या पायाशी जाऊन बसायचं. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडच्या काठावर हे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. नदी कुणाच्या बापाची नव्हती, पण वरच्या अंगाला कुणी पाणी भरायचं आणि खालच्या अंगाला कुणी, हे गावाची पांढरी वसली तेव्हापासून ठरलेलं.

अशा या गावाला सत्त्याहत्तर सालच्या पावसाळ्यात सरकारनं एक साधा प्रश्न विचारला. विठाबाईचा मेलेला नवरा म्हाळू, त्याची जात कोणती? आणि अख्खं गाव एका तोंडानं म्हणालं, आम्हाला काय ठाऊक बुवा!

विठाबाईच्या तोंडाला उभा तालुका भीत असे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर सगळं गाव एका रांगेत बसून खडी फोडत होतं. पाटलाची थोरली सून आणि विठाबाई शेजारी-शेजारी. हातोडा सारखा, घाम सारखा, पाण्याचे रांजण मात्र दोन. विठाबाईनं भर उन्हात मुकादमाला विचारलं, "मुकादम, ह्यांनी फोडलेली खडी आन् मी फोडलेली खडी एकाच रस्त्यावर टाकनार, का रस्तं बी दोन करनार?" मुकादमानं तिला कामावरून बसवलं. बसली. उपाशी बसली, पण प्रश्न मागं घेतला नाही.

नवरा म्हाळू दौंडच्या रेल्वेत गँगमन. मूळचा केंदूरकडचा, बोरमाळात घरजावई. बोलायला मवाळ. पण छप्पन साली नागपूरला गेला आणि आला तो दुसराच माणूस होऊन आला. घरातले देव टोपलीत घातले आणि भीमेत सोडून दिले. पुढं पोरीचं नाव शाळेत घालायची वेळ आली. मास्तर जातीच्या रकान्यात जुनं लिहायला लागले, तर म्हाळूनं त्यांचं मनगट धरलं.

"मास्तर, जात सोडली. बौद्ध लिवा."

"बरं. कंसात पूर्वीची लिहून ठेवू?"

"कंसात बी न्हाई आन् कंसाच्या भायेर बी न्हाई."

पोरीचं नाव त्यानं ठेवलं होतं विशाखा. गावाच्या तोंडी ते इशाखी झालं. म्हाळू पुढं साध्या तापानं गेला. विठाबाईनं कांदे काढले, ऊस तोडला, पण पोरीला शिरूरला ठेवून शिकवली. पोरगी सायन्सला गेली आणि पुण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर तिचं नाव लागलं. तोवर बोरमाळातून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जो कुणी गेला होता तो आडवाच गेला होता. पायांनी चालत, डॉक्टर व्हायला, हीच पहिली.

अट एकच होती. शनिवारपर्यंत जातीचा दाखला हजर करायचा. नाहीतर जागा खालच्या नंबराला.

विठाबाई पोरीला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं शाळेचा कागद वरखाली बघितला.

"बौद्ध आहात. ठीक आहे. पण बौद्ध व्हायच्या आधी कोण?"

"आदी कोन म्हंजी? ज्येला तुमी दारात हुबं करीत न्हवता, त्येच आमी."

"तसं लिहिता येत नाही, बाई. जात सांगा, पुरावा दाखवा."

"वतनाच्या कागदात माज्या बापाचं नाव हाय की!"

"तुमच्या बापाचं आहे. पोरीच्या बापाचं पाहिजे. बाईची जात चालत नाही."

म्हाळूचं नाव कुठल्याच वतनात नव्हतं. त्याच्या बापानं केंदूर सोडलं तेव्हा म्हाळू आईच्या पोटात होता. कारकुनानं मान हलवली आणि तोड काढली. गुरुवारी तलाठ्यावरचे सर्कलसाहेब गावात येतील, पंचांपुढं चौकशी करतील. गाव सांगेल तो पुरावा.

विठाबाई खुशीत हसली. गाव सांगेल? अहो, दुसरं काय सांगतंय ते जन्मापासून!

विशाखा मात्र एस.टी.त शाळेचा कागद मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी म्हणाली, "आये, बापानं पुसलेलं आपन परत लिवून घ्यायचं?"

"बापानं पुसलं ते आपल्या पाटीवरचं. गावाच्या पाटीवरचं कुटं पुसलंय? गावानं लिवलंय, गावाकडनंच वाचून घ्यायचं."

"म्हंजी शिव्या खायला जायचं."

"रोज फुकट खातोच की. गुरुवारी कामाला तरी येतील."

इकडं बोरमाळात वेगळाच दिवा पेटला होता. मारुतराव पाटील हा गावाचा सरपंच. अस्पृश्यतेचा कायदा आदल्याच साली कडक झाला होता आणि शेजारच्या एका गावातले दोन बागायतदार आत जाऊन आले होते. सर्कल जातीची चौकशी करायला येतोय एवढंच मारुतरावाच्या कानावर आलं आणि त्यानं आधी वाड्याचं दार लावून घेतलं. विठीनं डाव टाकला! तिच्या पोरीची सीट आहे हे कळल्यावर त्यानं दार पुन्हा उघडलं आणि त्याला गोड उकळ्या फुटल्या. एका दगडात दोन पाखरं: गावावरची केस टळते आणि विठीच्या पोरीची सीटही जाते. त्यानं चावडीत गाव गोळा केलं.

"उद्या साहेब येतोय. ज्यानं जात काढली तो सरळ येरवड्याला. आपल्या गावात जातपात न्हाई. कळलं का?"

"कवापास्नं न्हाई, पाटील?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"उद्या सकाळपास्नं."

पाटलाची आई अनसाबाई हिला मात्र हे समजावणं देवाच्या बापाला शक्य नव्हतं. तिची जीभ एकदा सुटली की कायद्याला भीत नसे. म्हणून तिला पहाटेच बैलगाडीत घालून नदीपलीकडं यवतला लेकीकडं पाठवून दिलं.

गुरुवारी सर्कलसाहेब सायकलवर आले. नाव रखमाजी, धनगराघरचा माणूस. बापानं मेंढरं विकून शेती धरली आणि पोराला शिकवला. रखमाजी सरळ होता, पण डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहिणारा. विठाबाईनं त्यांना गाठलं. "साहेब, बाकी काय नगं. माज्याबरूबर इहिरीवर चला. मी पायरी चडते, तुमी नुस्तं ऐका."

घागर कमरेला लावून ती विहिरीच्या कट्ट्यावर चढली. एरवी तिनं खाली उभं राहायचं, वरून कुणीतरी ओतायचं. पायरीला पाय लागला असता तर रहाटाच्या आधी बायका करकरल्या असत्या. आज कट्ट्यावर पाटलाची थोरली सून गिताबाई उभी होती, दुष्काळात खडीला शेजारी बसायची तीच.

"या विठाबाई," गिताबाई म्हणाली. "भरा की. दमला असाल."

विठाबाईनं मागं वळून बघितलं, दुसरी कुणी आली का. जन्मात गावानं तिला विठाबाई म्हटलं नव्हतं. विठे, ए विठे, म्हाळूची विठी. बस्स.

"गिताबाई, मी पोहरा शिवले बगा."

"शिवा की. पोहरा काय तुमचा-आमचा हाय?"

"पानी बाटलं न्हाई?"

"आगं बया! पानी कदी बाटतंय व्हय?"

आणि गिताबाईनं भरलेली घागर स्वतः उचलून तिच्या डोक्यावर दिली. हाताला हात लागला. गिताबाईचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त बोटं तिनं लुगड्यापासून लांब धरली, ओली मेंदी लावल्यासारखी.

"एक शिवी द्या की वो!" विठाबाई काकुळतीला आली. "परवा दिलीती तीच द्या. नवी नगं."

बायका एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "काय बाई तरी बोलत्यात!" सर्कलनं लिहून घेतलं, विहीर सर्वांस खुली.

तिथून हॉटेल. गेणबानं चकचकीत कपबशी पुढं केली. विठाबाई कडाडली, "माजी कपबशी कुटाय?"

"हीच की."

"ही? माजी वळचनीला असती! कान तुटल्याली! मी माज्या हातानं धुवून ठिवते!"

"साहेब," गेणबा मान तिरकी करून म्हणाला, "बाईंना पोरीच्या काळजीनं भ्रम झालाय. आपल्याकडं सगळ्या कपांना कान हायेत."

विठाबाईनं वळचणीला हात घालून बघितला. एक विंचू तेवढा निघाला. चहा तिला प्यावा लागला, बाकड्यावर बसून, पाटलाच्या शेजारी. चांगला होता चहा. त्याचाच तिला जास्त संताप आला.

मारुतरावाला आता जोर चढला. "चला विठाबाई, भैरोबाच्या देवळात चला. गाभाऱ्यापतोर चला. साहेब, बगून घ्या."

"मी न्हाई येत."

"का वो? देव सगळ्यांचा हाय."

"आमचा न्हाई. आमी बौद्ध. नवऱ्यानं देव नदीत सोडल्यात, मी काय तुमच्या देवळात येऊन त्याला पान्यातनं वर काडू?"

"आता बगा साहेब! आमी बोलावतोय आन् ह्या येत न्हाईत." असं म्हणून मारुतरावानं तिच्या हाताला धरून प्रेमानं देवळाकडं ढकललं. सर्कलनं लिहिलं, देऊळ खुले. सदर बाई स्वखुशीने जात नाही.

चावडीत शेवटचा प्रश्न झाला. म्हाळूची जात?

"मानूस जात, साहेब," मारुतराव म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या. जात निश्चित होऊ शकली नाही, असा कागद झाला, सह्या-अंगठे झाले, आणि सर्कलसाहेब सायकलवर बसले.

विठाबाई सायकलच्या कडेकडेनं धावत निघाली. शेवटी रखमाजी लाजून खाली उतरला आणि चालू लागला.

"साहेब, तुमी याच मातीतलं. तुमाला खरं दिसत न्हाई?"

"दिसतंय, विठाबाई. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिणार, का मनातलं?"

"डोळ्यानं पाहिलं ते खोटं हुतं!"

"खोटं असलं तरी सगळ्यांनी मिळून केलंय. त्याला पुरावा म्हणतात."

"मग ह्या गावात समता यायला माज्या पोरीची सीटच घावली व्हय? वीस वर्सं हाळी घालतोय, न्हाई आली. आज आली! आन् आली ती बरूबर हिच्या तंगड्यात पाय घालायला!"

शिवेच्या बाभळीखाली सायकलीनं सुस्कारा सोडला. चांगला बोटाएवढा काटा चाकात रुतला होता. पंक्चरचं सामान पंचक्रोशीत एकट्या गेणबाकडं. दोघं सायकल ढकलत माघारी फिरले.

गावात शिरले आणि रखमाजी थांबला.

भरदुपार. विहिरीला पाणी बेताचं, पावसानं ओढ दिलेली, आणि सगळं गाव आंघोळ करत होतं. दारादारात दगड मांडलेला, दगडावर माणूस, माणसावर तांब्या. बायकांची लुगडी निथळत होती. गेणबा लंगोटावर उभा राहून बाकडं धूत होता आणि ती चकचकीत कपबशी राखेत बुडवून घासत होता. सकाळी विठाबाईची घागर भरली होती तो पोहरा गिताबाई चिंच लावून उजळत होती. तिचे केस ओले, बोटं सुरकुतलेली. पाटलानं सांगितलं होतं की साहेब शिवेबाहेर जाईपर्यंत कळ काढा. गावानं काढलीही होती. पण शिवलेल्या अंगानं चुलीपुढं कशी जाणार, आणि रानातल्या माणसांना भाकरी तर पाहिजे. साहेबाची पाठ दिसली आणि गावानं तांब्या उचलला.

"आज ग्रहण आहे का?" रखमाजीनं गेणबाला विचारलं.

गेणबाच्या हातून कपबशी निसटली. "उकाडा, साहेब. लई उकाडा."

विठाबाई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. तिला हसताना गावानं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं जास्तच घाबरलं.

रखमाजी सायकल टाकून थेट पाटलाच्या दारात गेला. मारुतराव दगडावर बसला होता, डोक्यापासून खालपर्यंत साबणाचा फेस, डोळे गच्च मिटलेले. गडी पाणी ओतत होता. साहेबाला बघून गड्याचा हात वरच्या वर थांबला.

"वत की! थांबलास का?" मारुतराव खेकसला. "हातावर वत. तिचा हात लागलाय तितं."

"कुणाचा हात, पाटील?" रखमाजीनं विचारलं.

"कुनाचा म्हंजी? त्या विठीचा, म्हारनीचा! म्हाळू म्हाराच्या विठीचा! दुसरा कुनाचा?"

गड्यानं घाबरून उरलेलं पाणी एकदम ओतलं. फेस उतरला. मारुतरावानं डोळे उघडले आणि समोर रखमाजी, त्याच्या मागं दाराच्या चौकटीत विठाबाई.

गड्यानं रिकामा तांब्या पाठीमागं लपवला.

"साहेब," मारुतराव दीनवाणा होऊन म्हणाला, "म्हारच हाय वो. बाप म्हार, आज्जा म्हार. सगळ्या गावाला ठावं हाय. काडा तो कागुद, आत्ता सही करतो."

"आन् आंघुळीचं बी लिवा," विठाबाई पुढं सरकली. "का आंघूळ केली, त्ये लिवा. आख्ख्या गावाची नावं लिवा."

रखमाजीनं तिला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "विठाबाई, आंघोळ लिहिली की हा गुन्हा झाला. मग हा कागद माझ्या हातात राहत नाही, पोलिसांकडं जातो. चौकशी, जबान्या. खुशाल लिहितो. पण शनिवार तुमच्यासाठी थांबणार नाही. काय लिहू, बोला."

विठाबाईची मूठ वळली. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते आज ओलं होऊन समोर बसलं होतं, कमरेला फडकं गुंडाळून. एक शब्द टाकला की पाटील आत. एक शब्द टाकला की पोरगी घरात. ओसरीच्या खांबाला टेकून घरी बसली असेल विशाखा, भरलेली ट्रंक शेजारी ठेवून. कालपासून ती ट्रंक तिनं उघडलीही नव्हती आणि आत उचलूनही ठेवली नव्हती.

"म्हाळू म्हार हुता एवडंच लिवा," ती दात आवळून म्हणाली. "पन सह्या माज्या देखत."

आधीचा कागद फाटला, नवा झाला. पंच ओल्या डोक्यांनी जमले. रखमाजीनं पेन पुढं केलं, ते विठाबाईनं मधेच घेतलं.

"मी देते, साहेब. पंचमंडळी म्हातारी हायेत."

तिनं पेन मारुतरावापुढं धरलं, पण असं धरलं की बोटाला बोट लागल्याशिवाय हातात येणार नाही. मारुतरावानं पेनाकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं, आणि घेतलं. सही केली. विठाबाईनं पेन परत घेतलं तेव्हा त्याचं मनगटही धरलं. "हळू, पाटील. सांडंल शाई." मग गेणबा. मग बाकीचे. ज्यांचा अंगठा होता त्यांचा अंगठा तिनं स्वतः धरून शाईत दाबला, नीट, वळवून वळवून. एकानंही हात मागं घेतला नाही. साहेब बघत होता ना!

"जावा आता," ती म्हणाली. "परत न्हावा."

संध्याकाळपर्यंत बोरमाळच्या विहिरीचा तळ दिसला.

शुक्रवारी कचेरीतून दाखला निघाला आणि शनिवारी मायलेकी पुण्याला पोचल्या. कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूनं दाखला घेतला, टाचणीनं इतर कागदांना टोचला आणि म्हणाला, "पुढचा."

"वाचा की!" विठाबाई म्हणाली.

"काय वाचू?"

"त्यात लिवलंय त्ये. आख्खं गाव दोनदा न्हालंय त्या कागुदासाटी."

"बाई, पुढं सरका. मागं रांग आहे."

विशाखानं आईला हाताला धरून बाजूला घेतलं. तिचं नाव लागलं होतं. ट्रंक हॉस्टेलात गेली. दारात पोरगी आईच्या गळ्यात पडली नाही. फक्त म्हणाली, "आये, बापाला काय वाटलं असतं?"

"रागावला असता," विठाबाई म्हणाली. "आन् मग तुजी टिरंक उचलली असती."

सोमवारी विठाबाई पोलीस ठाण्यात हजर. दाखल्यासाठी ती गप्प बसली होती. दाखला तर झाला, आता कशाला गप्प बसायचं? तिनं बैठक मारली आणि सगळं सांगितलं. टेबलापलीकडचा जमादार ऐकून घोटाळ्यात पडला.

"म्हणजे तक्रार काय? त्यांनी तुला पाणी दिलं?"

"दिलं."

"चहा दिला?"

"दिला."

"देवळात बोलावलं?"

"बोलावलं."

"मग?"

"मग न्हालं."

"आंघोळ करणं गुन्हा आहे का, बाई? उद्या म्हणशील त्यांनी दात घासले."

"माज्या पोरीच्या बापाची जात त्याच आंघुळीनं शाबीत झाली. जातीला पुरली आन् गुन्ह्याला पुरत न्हाई व्हय?"

"कोणी पाहिलंय का?"

"सर्कलनं पाहिलंय. आख्ख्या गावानं एकमेकाला पाहिलंय."

"पुरावा काय त्याचा? कपडे तर वाळले असतील आता."

विठाबाई उठली नाही. दुपार झाली, चहा येऊन गेला, तिला कुणी विचारला नाही. ती तिथंच. शेवटी तिला घालवण्यासाठी जमादारानं वही ओढली आणि लिहिलं, की बोरमाळ गावच्या रहिवाशांनी गुरुवारी भरदुपारी आंघोळ केली, अशी सदर बाईची तक्रार आहे. कारणापाशी त्याचं पेन अडलं.

"कारण काय लिहू?"

"आसंच ठेवा मोकळं. गावात जावा, इचारा, मंग भरा."

जमादारानं कपाळाला हात लावला. वही तिच्याकडं फिरवली आणि शाईची डबी रुळाच्या टोकानं टेबलावरून हळूच पुढं ढकलली, हात न लावता.

विठाबाईनं ते बघितलं. रूळ बघितला, डबी बघितली. अंगठा चांगला दाबून उठवला. मग डबी उचलली, टेबलाला वळसा घालून पलीकडं गेली आणि त्याच्या तळहातावर नेऊन ठेवली. वरून त्याची बोटंही मिटवली.

"जमादार," तिनं विचारलं, "ठान्यात पानी हाय न्हवं?"